कांतामेस्त्रींचं माप

माझ्या वडिलांचं नाव कृष्णकांत पांचाळ, पण पनवेलात या नावाने त्यांना फक्त पोस्टमन ओळखायचा. बाकी सगळ्यांचे ते कांतामेस्त्री. वडाळे तळ्यापासून दोन गल्ल्या आत आमचं घर आणि घराला लागूनच कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पुढे अंगण, आणि अंगणात कायमची काळी पडलेली एक गोल जागा. तिथे बैलगाडीच्या चाकाची धाव तापवायचे.

धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवायची लोखंडी पट्टी. लाकूडकाम कुठलाही बरा सुतार शिकेल, असं बाबा म्हणायचे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले बारा आरे, आणि आरे धरून ठेवणारे कडेचे सहा बाकदार तुकडे. हे सगळं नुसतं एकमेकांत अडकवलेलं असतं, त्याला ना खिळा ना सरस. त्याचं चाक होतं ते धावेमुळे. धाव चाकापेक्षा थोडी आखूड ठेवायची, लाल होईपर्यंत तापवायची म्हणजे ती वाढते. मग चौघांनी ती उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. गार होताना ती आवळते आणि सगळे सांधे मिटतात. किती आखूड ठेवायची, यात सगळी विद्या. सैल राहिली तर महिन्याभरात निसटते. जास्त आवळली तर आरे आतल्या आत चिरतात आणि वरून काही दिसत नाही.

या आखूडपणाला बाबा ओढ म्हणायचे. आजोबांनी ते माप त्यांना मरायच्या दोन वर्षं आधी सांगितलं होतं, तेही दाराला कडी घालून. बाबांनी तीच रीत पुढे ठेवली. माझा भाऊ विनायक मोठा होईल, हाताशी येईल, मग त्याला सांगायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. विनायकला मात्र कुणी विचारलं नव्हतं. तो आयटीआय करून तळोज्याच्या एका रसायनांच्या कंपनीत लागला. शिफ्टवरून आला की कारखान्यातून न जाता मागच्या दाराने घरात यायचा, कपड्यांना भुसा लागतो म्हणून.

कारखान्यात आला तो नावेद. त्याचे वडील अब्दुल्लाभाई लाकडाच्या वखारीत कामाला होते आणि बाबांसाठी बाभळीचे चांगले ओंडके बाजूला काढून ठेवायचे. त्र्याऐंशी साली ते सतरा वर्षांच्या नावेदला घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "मेस्त्री, याला हुनर द्या. रोटी अल्ला देईल."

बाबांनी नावेदचे हात उलटसुलट करून पाहिले आणि त्याला ठेवून घेतलं.

नावेदसारखा हात मी नंतर कुणाचा पाहिला नाही. तो बोलायचा कमी. तीन वर्षांत तो तुंबा कोरायला लागला, पाचव्या वर्षी संपूर्ण चाक एकटा जुळवायला लागला. बाबा त्याने जुळवलेल्या चाकावर हातोडी टिचकवून आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. त्यांच्याकडून कौतुक मिळालं तर एवढंच. तो त्यांना उस्ताद म्हणायचा, ते बाबांना फार आवडायचं. आईला ते एकदा म्हणालेसुद्धा, "विनायकला बाबा म्हणायला जड जातं आणि हा उस्ताद म्हणतो."

पण माप घ्यायची वेळ आली की बाबा नावेदला तळ्यावर पाण्याला पाठवायचे. दर वेळी. पट्टी जमिनीवर सरळ मांडायची, चाकावर खडूची खूण करायची आणि चाक पट्टीवरून एक पूर्ण फेरा फिरवायचं. जिथे फेरा संपला तिथून मागे बोटांची रुंदी मोजून पट्टीवर खूण करायची. त्या खुणेवर पलीकडचा लोहार पट्टी कापून टोकं जोडून द्यायचा. या सगळ्याला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ. नावेद डबे भरून परत येईपर्यंत पट्टीवर खूण झालेली असायची आणि बाबा विडी पेटवून बसलेले असायचे.

चहा घेऊन मी जायची. माझ्यापुढे माप घ्यायला त्यांना कधी काही वाटलं नाही. कोपऱ्यात रंध्याच्या पेटीशेजारी एखादी मांजर बसावी तशी मी त्यांना दिसत असणार. मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून पाहत होते. शेताच्या गाडीच्या जड चाकाला दोन बोटं. वर्षातून एखाद-दुसरं चाक शर्यतीच्या छकड्याचं यायचं, आरे बारीक, कड पातळ. त्याला एकच बोट. मला हे कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

एकोणनव्वदच्या जानेवारीत बाबांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात उठून बसायचं त्राण नाही. डॉक्टरांनी महिनाभर अंथरुणातून हलायचं नाही म्हणून सांगितलं. त्याच सुमारास ओवे गावचा हिरू ठाकूर आला. ओव्याच्या जमिनी संपादनात निघायला लागल्या होत्या, शेतं कमी होत होती, पण हिरूची बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती आणि शर्यतीची गाडी तो स्वतः हाकायचा. त्याला छकड्याची नवी चाकं हवी होती. लाकूडकाम नावेदने आधीच पुरं करून ठेवलं होतं. राहिली होती फक्त धाव.

हिरू खाटेशी येऊन उभा राहिला. "मेस्त्री, येत्या इतवारी शर्यत हाय. मना चाकं पायजेत."

"पंधरा दिवस थांब, हिरू. मी उठतो."

"शर्यत माज्यासाठी थांबाची नाय. तुमचा नावेद हाय ना? सा वर्सं तुमच्या हाताखाली हाय. त्याला सांगा."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हिरू बाहेर अंगणात जाऊन नावेदला म्हणाला, "तू कर. मी कवा सांगू नाय कोनला."

नावेद संध्याकाळी बाबांच्या खाटेशी बसला. मी तेव्हा भाताची पेज घेऊन आत गेले होते. तो म्हणाला, "उस्ताद, जड चाकाचं मला माहीत आहे. पट्टीचे कापून उरलेले तुकडे मोजून मोजून मी काढलंय. दोन बोटं. हलक्याला काय ठेवू, तेवढं सांगा."

नावेदने तुकडे मोजून माप काढलंय, हे बाबांना तेव्हाच कळलं. मग म्हणाले, "तुकडे मोजत होतास. म्हणजे चोरीच ना ती."

"तुम्ही सांगितलं नाही म्हणून मोजले."

"मी उठलो की बघू. तोवर हात लावू नकोस."

नावेद उठून गेला. रात्रीच्या जेवणाआधी बाबांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सुमती, घरातलं घरात राहू दे. विनायक येईल कधीतरी." म्हणजे मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते पहिल्यांदा बोलून दाखवलं, आणि तेही गप्प राहा म्हणून सांगायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टायपिंगच्या क्लासला निघाले होते. नावेद फाटकाशी उभा होता. हिरूचा माणूस पहाटेच येऊन त्याला पुन्हा सांगून गेला होता.

"ताई, एक विचारू? हलक्या चाकाला उस्ताद किती सोडतात?"

मी म्हणाले, "मला काय ठाऊक? मी चहा घेऊन जाते तेवढंच."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग बाजूला झाला आणि मला वाट दिली.

मी का सांगितलं नाही, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. बाबांची आज्ञा होती, हे खरं. पण तेवढंच असतं तर मला बरं वाटलं असतं. बाबांनी मला कधी रंधा हातात धरू दिला नाही, आणि नावेदला सहा वर्षं शेजारी बसवून शिकवलं. त्या कारखान्यात माझ्याजवळ एकच गोष्ट होती, तीही चोरून पाहिलेली. ती त्याला द्यायची नव्हती मला. चोवीस वर्षांची होते मी, आणि इतकी कोती होते.

नावेदने दोन्ही चाकांना दोन-दोन बोटं सोडली. त्याला जे ठाऊक होतं ते त्याने केलं. धाव चढली तेव्हा सांधे घट्ट मिटले, हिरू खूश होऊन चाकं घेऊन गेला. बाबांना घरात धुराचा वास आला. ते काही विचारायला उठले नाहीत आणि मीही त्यांच्याजवळ काही बोलले नाही.

रविवारी शर्यतीत वळणावर हिरूच्या उजव्या चाकाचे आरे एकामागून एक तुटले. गाडी त्याच्यावर उलटली. एक बैल जागच्या जागी जायबंदी झाला, त्याला नंतर मारावं लागलं. हिरूचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आणि तो पुढे कधीच सरळ झाला नाही.

मंगळवारी हिरूचे भाऊबंद टेम्पो भरून आमच्या अंगणात आले. सोबत तुटलेलं चाक होतं. बाबांची खाट उन्हासाठी अंगणात काढली होती, तिच्यासमोर त्यांनी ते आणून टाकलं. हिरूचा थोरला भाऊ म्हणाला, "सुताराचं चाक म्हनून नेला आमी. मुसलमानाच्या हातचं दिलाव. तुमच्या घरान्याचा नाव बगून आलो होतो."

नावेद शेडच्या खांबाला टेकून उभा होता. पळून गेला नव्हता. सकाळपासून येऊन बसला होता. त्याने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी चाकावर हात फिरवला. चिरलेला आरा त्यांनी बोटाने चाचपला. काय झालं ते त्यांना एका नजरेत कळलं होतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून सांगू शकते. ते म्हणाले, "मी अंथरुणात होतो. हात लावू नकोस म्हणून मी त्याला बजावलं होतं. त्याने मला न विचारता केलं."

न विचारता, असं म्हणाले ते. मी पेज घेऊन आत गेले होते तेव्हा विचारलं होतं त्याने. ते दोघांनाही ठाऊक होतं आणि मलाही. नावेदने तोंड उघडलं नाही. हिरूच्या भावाने त्याच्या कानाखाली मारली, तेव्हाही नाही. चौथ्या-पाचव्या थपडेनंतर आई मध्ये पडली. ते लोक गेल्यावर नावेदने पटाशी, वाकस अशी स्वतःची हत्यारं पोत्यात बांधली आणि बाबांकडे न बघता फाटकाबाहेर पडला.

अब्दुल्लाभाई दोनदा आले. बाबा भेटले नाहीत. वखारीतून चांगले ओंडके यायचे बंद झाले. वर्षभराने कळलं की नावेद दोहाला गेला, इमारतींच्या स्लॅबला फळ्या ठोकायच्या कामावर.

बाबा उठले, कामालाही बसले, पण गावभर झालं होतं. कांतामेस्त्रीचं चाक मोडलं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. तसंही काम आटत चाललं होतं. गाड्यांना रबरी टायर आले होते. सुकापूरच्या बाजूला भाताच्या खाचरांत इमारतींचे खांब उभे राहत होते. ज्यांनी आमच्याकडून चाकं नेली त्यांच्या मुलांनी रिक्षा घेतल्या. ब्याण्णवनंतर आमच्या अंगणात धाव तापली नाही. विनायकने नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. एका रविवारी बाबांनी त्याला कारखान्यात बोलावून कडी लावली आणि माप सांगितलं. दहा मिनिटांत तो बाहेर आला. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "काहीतरी दोन बोटं, एक बोट सांगत होते. मी हो हो म्हटलं."

मला तोवर एका पतपेढीत नोकरी लागली होती. एक स्थळ दोन वर्षं बोलणी करून फिरलं. मग घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही.

चौऱ्याण्णव साली मुंबईहून एका संस्थेची माणसं बाबांना शोधत आली. जुन्या कारागिरांनी नव्यांना कला शिकवायची, अशी त्यांची योजना होती. सुकापूरची सहा मुलं आमच्या शेडमध्ये येऊन बसायला लागली. त्यांना दर महिन्याला भत्ता मिळायचा. संस्थेच्या बाई फार मनापासून बोलायच्या, त्यांच्यात खोट नव्हती. पण खऱ्या चाकाला गिऱ्हाईक नाही, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी सुचवलं, की मुलांनी दिवाणखान्यात ठेवायच्या छोट्या बैलगाड्या कराव्यात. वीतभर उंचीच्या. त्यांच्या चाकाला धाव म्हणून पत्र्याची पट्टी चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकायची आणि काळा रंग लावायचा.

बाबा त्या मुलांना सगळं सांगायचे. अंगणात उभे राहून, मोठ्याने, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू जाईल असं. "जड चाकाला दोन बोटं. हलक्याला एक. विसरू नका." मुलं चुका ठोकत असायची. एकाने एकदा विचारलं, "आजोबा, याला कुठे बोटं सोडायची? ही तर ठोकायचीय." बाकीचे हसले. बाबाही हसल्यासारखं करून आत आले आणि पाणी मागितलं. त्या सहांपैकी चार जण भत्ता संपल्यावर यायचे बंद झाले. उरलेल्या दोघांनी फर्निचरच्या दुकानात काम धरलं.

पुढच्या वर्षी मुंबईतल्या एका सभागृहात बाबांना शाल दिली. परंपरा पुढच्या पिढीच्या हाती सोपवल्याबद्दल, असं मानपत्रात लिहिलं होतं आणि ते माइकवरून वाचलं गेलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. बाबांनी शाल घेतली, नमस्कार केला आणि भाषण करायला नकार दिला. येताना टॅक्सीत ते एकदाच बोलले. "नावेदचा पत्ता अब्दुल्लाकडे असेल, नाही?"

मी म्हटलं, "असेल." त्यांनी तो मागितला नाही आणि मीही जाऊन आणला नाही.

शहाण्णवच्या मे महिन्यात नावेद स्वतःच आला. बहीण मुबीनाच्या लग्नाला सुट्टीवर आला होता, वडिलांनी पाठवलं म्हणून पत्रिका द्यायला आला. अंगाने भरला होता, केस पुढून विरळ झाले होते. बाबांना तोवर अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता, उजवा हात उचलत नव्हता. नावेद खुर्चीच्या कडेवर बसला. आईने त्याला सरबत दिलं.

बाबा म्हणाले, "नावेद, बरं झालं आलास. तुला एक सांगायचं राहिलंय. हलक्या चाकाला..."

"एक बोट," नावेद म्हणाला. "ते मला त्या मंगळवारीच कळलं, उस्ताद. तुटलेला आरा बघितला तेव्हा."

बाबांनी मान खाली घातली. नावेदने सरबताचा पेला खाली ठेवला.

"माप मला नकोय आता. मी तिकडे प्लायवूड ठोकतो. मला एवढंच विचारायचं होतं. मी तुम्हाला विचारलं होतं की नव्हतं?"

"विचारलं होतंस."

"मग त्यांच्यापुढे का नाही बोललात?"

बाबांचे ओठ हलले. झटक्यामुळे त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही थांबलो. नावेदही थांबला, बराच वेळ. मग तो उठला, आईला सलाम केला आणि निघाला.

मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. म्हटलं, "नावेद, तू मला विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं."

"माहीत आहे. तुम्हाला ठाऊक होतं म्हणूनच तर विचारलं होतं," तो म्हणाला. "दुसरं कुणाला विचारणार होतो?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तो मोहल्ल्याच्या दिशेने चालत गेला. मुबीनाच्या लग्नाला आई एकटी जाऊन आली.

बाबा अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात गेले. दहाव्याला हिरू ठाकूर आला, काठी टेकत, पाय ओढत. त्याची सगळी जमीन तोवर गेली होती. आलेल्या पैशांतून त्याने गावात तीन मजली घर बांधलं होतं, खाली दुकानाचे गाळे. तो अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि आलेल्या माणसांना सांगू लागला, "मेस्त्रीच्या हातचा चाक कवा मोडला नाय. त्या पोऱ्याने घान केली. माजा पाय नेला, मेस्त्रीचं नाव नेलं."

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाण्याला पाठवणं, दोन बोटं, एक बोट, नावेदने खाटेशी बसून विचारलेलं, मला फाटकाशी विचारलेलं. जवळजवळ दहा वर्षं उशिरा, पण काही न वगळता. विनायक दोनदा "सुमती, आत जा," म्हणाला. मी गेले नाही.

हिरूने सगळं ऐकून घेतलं. मग बाजूच्या माणसाकडे वळून म्हणाला, "पोरीला लई लागलाय बापाचा जानं. कायच्या काय बोलतेय." आणि माझ्याकडे बघून मऊ आवाजात म्हणाला, "मेलेल्या बापाला कशाला बट्टा लावतेस, बाय? मी काय त्यांना बोललो का?"

आईने त्याला चहा आणून दिला. तो त्याने बशीत ओतून प्यायला. त्याचा मुलगा रिक्षा घेऊन आला होता, त्याने हिरूला धरून उठवलं, काठी आत ठेवली, आणि ते ओव्याला निघून गेले.